घराचं गुत्तं (कंत्राट) मालासकट द्यावं की नुसत्या मजुरीवर? करारात काय काय लिहून घ्यावं?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत आमचा ४० बाय ५० चा प्लॉट आहे. एनए झालेला आहे आणि बांधकाम परवानगीही हातात आली आहे. मी नोकरीला नांदेडला, गावी आई-बाबा दोघंच. तळमजला बांधायचा आणि वरच्या मजल्यासाठी जिना काढून ठेवायचा, नकाशाप्रमाणे १,०८० चौरस फूट.

एका गुत्तेदारानं मालासकट १,८५० रुपये फूट सांगितलं आहे, म्हणजे जवळपास २० लाख. काम सुरू करायच्या आधी पाच लाख मागतोय. करार म्हणून त्यानं एक पान आणून दिलं. त्यात एवढंच आहे: "उत्तम प्रतीचे साहित्य वापरून घर पूर्ण करून देण्यात येईल. मुदत आठ महिने. इतर कामे मालकाच्या सांगण्याप्रमाणे."

माणूस मामांच्या ओळखीतला आहे. बाबा म्हणतात, ओळखीच्या माणसाला कागद वाढवून दाखवला की तो दुखावतो. पण हे पैसे बाबांच्या ग्रॅच्युइटीचे आहेत. एसटीत ३४ वर्षं काढून मिळालेले. ते गेले तर पुन्हा येणार नाहीत, म्हणून रात्रीची झोप लागत नाही. ज्यांनी घर बांधलंय त्यांनी खरं काय ते सांगा. मालासकट द्यावं का? ॲडव्हान्स किती द्यावा? कागदावर काय काय यायला पाहिजे?

तेरणाकाठ

"उत्तम प्रतीचे" हे दोन शब्द आधी खोडा दादा. सिमेंट कोणतं, सळई कोणत्या ग्रेडची, वायर कोणती, नळ कोणते, फरशी किती रुपये फुटाची, हे सगळं नावानिशी लिहून घ्या. बाकीचं जाणकार सांगतीलच.

मांजरा_लातूर

माझा अनुभव सांगतो, लांब आहे पण तुमच्या कामाचा आहे.

२०१९ मध्ये लातूरला घर बांधलं. दर ठरला १,६०० रुपये फूट. नकाशात बांधकाम १,१०० फूट, त्यामुळे मी मनात साडेसतरा-अठरा लाख धरून बसलो. शेवटचं बिल आलं १,३८६ फुटांचं. २८६ फूट कुठून आले? गुत्तेदारानं स्लॅब बाहेरच्या कडेपासून मोजला होता. पोर्च पूर्ण धरला, जिना खाली एकदा आणि वर एकदा असा दोनदा धरला, पाण्याच्या टाकीचा स्लॅब धरला आणि खिडक्यांवरचे छज्जेसुद्धा धरले. २८६ गुणिले १,६०० म्हणजे ४ लाख ५७ हजार ६०० रुपये. भांडून भांडून दोन लाख वीस हजारांवर मिटलं. तेही भावकीतली चार माणसं बसवून.

तो काही चोर नव्हता, हे मी आजही म्हणतो. आमच्याकडे बरेच गुत्तेदार असंच मोजतात. चूक ही की मोजायचं कसं हे आम्ही दोघांनीही लिहिलं नव्हतं. तेव्हा दर ठरवायच्या आधी मोजणी ठरवा. पोर्च पूर्ण की अर्धा, जिना एकदा की दोनदा, छज्जे धरायचे की नाही, पॅरापेट (गच्चीचा कठडा), टाकी, कंपाउंड आणि सेप्टिक टँक दरात आहेत की वेगळे. नकाशाची एक प्रत घ्या, मोजायचा भाग लाल पेनानं रंगवा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. तो रंगवलेला नकाशा म्हणजेच खरा करार.

परभणीकर

मांजरा दादा, छज्जे मोजल्याचं वाचून पोटात गोळा आला. आमचे सोळा छज्जे आहेत आणि बिल यायचंय.

मांजरा_लातूर

@परभणीकर, आजच फोन करा त्याला. बिल यायच्या आधी बोललं की बोलणं होतं, नंतर भांडण होतं.

फुटिंग_ते_स्लॅब

मी स्थापत्य अभियंता आहे, बीड-परळी-अंबाजोगाई पट्ट्यात वीस वर्षं कामं बघतो. बालाघाटी सर, तुमच्या एका पानात सगळ्यात मोठा धोका मला वेगळा दिसतो. पाया किती खोल, हे कुठंच नाही.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया टेकवला की दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा ठरलेल्या. पाया काळी माती ओलांडून पक्क्या मुरमात जायलाच हवा. आता मुरूम चार फुटांवर लागेल की नऊ फुटांवर हे खोदल्याशिवाय कळत नाही, एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत फरक पडतो. गुत्तेदार दर सांगताना मनात पाच फूट धरतो. खाली गेलं की "एक्स्ट्रा" सुरू होतं, आणि तोवर खड्डे उघडे पडलेले असतात, पाऊस तोंडावर असतो, गुत्तेदार म्हणेल तो आकडा मालक मान्य करतो. म्हणून करार करायच्या आधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीनं चाचणी खड्डे घ्या. दोन-चार हजारांचं काम आहे. पाच फुटांच्या खाली गेलं तर प्रत्येक फुटाला प्रत्येक कॉलममागं किती, तो दर आधीच लिहा.

दुसरं, भराव. खड्ड्यातून निघालेली काळी मातीच प्लिंथमध्ये (जोत्यात) लोटतात. वाहतूक वाचते, मुरूम वाचतो. मग दुसऱ्या पावसाळ्यात फरशी फुगून वर येते, दार घासायला लागतं. "प्लिंथ भराव मुरमाचा, सहा-सहा इंचाच्या थरात, पाणी मारून धुमस करून" हे वाक्य जसंच्या तसं करारात घाला.

तिसरं, आपल्याकडं विसरून चालत नाही ते. कॉलम-बीमच्या सळयांभोवती बांधायच्या रिंगा. रिंगेची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. काटकोनात वळवलेली रिंग भूकंपाच्या हादऱ्यात उघडते. किल्लारीच्या भूकंपानंतरही मी अजून दहातल्या पाच साइटवर काटकोनी रिंगा बघतो आणि कापायला लावतो.

माळवद

फुटिंग दादांनी किल्लारीचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमारास झालं. आमच्याकडं घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. दरवर्षी गळू नये म्हणून पांढरी माती चढवायची, वर्षानुवर्षं थर वाढत जायचा. उन्हाळ्यात आत इतका गारवा की पंखा लागायचा नाही. त्याच मातीखाली माणसं गेली. माझी आजी गेली.

त्यामुळं आमच्या घरी कोणी म्हणालं की "रिंगेचं टोक कसंही वळवलं तर काय होतं", तर मी उठून साइटवर जातो. पैसे फरशीत वाचवा, रंगात वाचवा, किचनच्या ट्रॉल्या पाच वर्षांनी करा. रिंगेत वाचवू नका.

गोदामाय

माळवद काका, वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या माहेरच्या वाड्याला अजून अर्धं माळवद आहे. पावसाळ्यात वर गवत उगवतं.

जालन्याची_लेक

बालाघाटी दादा, मी तुमच्या उलट केलं. नुसत्या मजुरीवर गुत्तं दिलं आणि सगळा माल स्वतः आणला. घरी मी आणि माझे वडील (आम्ही तात्या म्हणतो). नवरा बाहेरगावी. तर बाईमाणसाला जमतं का, असं विचारणाऱ्यांनी हे वाचावं.

वाळूचं आधी सांगते. ट्रॅक्टरवाला "एक ब्रास" म्हणून ट्रॉली आणायचा. ब्रास म्हणजे १०० घनफूट. तात्यांनी पहिल्याच दिवशी टेप काढला. ट्रॉली आतून ९ फूट लांब, ५ फूट रुंद, वाळू पावणेदोन फूट उंच. गुणाकार ७८.७५ घनफूट. पैसे शंभरचे, वाळू एकोणऐंशीची. तात्या काही बोलले नाहीत, गणित ट्रॉलीच्या फाळक्यावर खडूनं लिहिलं आणि तेवढेच पैसे दिले. दुसऱ्या खेपेपासून तो स्वतःच म्हणायचा, "तात्या, मोजा आधी." ओली वाळू फुगून जास्त दिसते हेही तिथंच शिकले, म्हणून पाणी निथळणारी गाडी परत पाठवायचो.

सळईसाठी आम्ही जालन्याचे, कारखाने दारात. तरी वजनकाटा केल्याशिवाय उतरवली नाही. सोपं सूत्र आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोत वजन. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई १०.६७ किलो भरते. नगावर घेतली आणि सळई हलकी निघाली तर फसगत, वजनावर घेतली आणि नग कमी आले तरी फसगत. म्हणून नग आणि वजन दोन्ही ताडून बघायचे. थोडाफार फरक मानकात चालतो, १२ आणि १६ च्या सळईला पाच टक्क्यांपर्यंत. त्याहून हलकी निघाली की परत.

आणि स्लॅबचा दिवस. फुटिंग सरांसारख्या एका इंजिनिअर भावानं आधीच हिशोब करून दिला होता. १,००० फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे ११.८ घनमीटर काँक्रीट, एम-२० (काँक्रीटची प्रत) ला घनमीटरला आठ गोण्या धरल्या की ९४-९५ गोण्या, बीम वेगळे. तात्या बाजेवर बसले, एका हातात तांब्या, शेजारी ज्वारीची वाटी. मिक्सरमध्ये एक गोणी फुटली की एक दाणा तांब्यात. निम्मा स्लॅब पडला तेव्हा दाणे मोजले, ३६. व्हायला पाहिजे होते पन्नासच्या आसपास. तात्यांनी काम थांबवलं. मिस्त्री म्हणाला, "मालक, माल चांगला घट्ट पडतोय की." नीट बघितलं तर खडीची पाटी शिगोशीग भरत होते आणि मापाचा फर्मा बाजूला पडला होता. तिथून पुढं फर्म्यानंच मोजलं. आधीच्या भागाचं इंजिनिअर भावानं येऊन तपासलं. नशिबानं तो भाग ओट्याकडचा होता, पण तात्यांना महिनाभर घोर लागून राहिला होता.

मजुरीवर देण्यात पैसे वाचले, दीडेक लाख तरी. पण आठ महिने आम्ही दोघं रोज साइटवर होतो. हे नसेल जमत तर मजुरीवर देऊ नका.

काळी_माती

ताईंच्या शेवटच्या ओळीला माझं अनुमोदन. मी पुण्यात राहून हिंगोलीला मजुरीवर घर बांधलं. सिमेंट संपलं की फोन, खिळे संपले की फोन, पाणी नाही की फोन. मी इकडून दुकानदाराला पैसे पाठवायचो, माल किती गेला ते देव जाणे. शेवटी मालासकटपेक्षा दोन लाख जास्तच गेले. बालाघाटी नांदेडला असतील आणि बाबा सत्तरीकडं झुकलेले असतील तर मालासकटच बरं.

गुनिया_ओळंबा

मी स्वतः गुत्तेदार आहे. माजलगावकडचा. इथं सगळे आमच्याच नावानं बोलतायत, तर आमची बाजू पण ऐका.

ॲडव्हान्स आम्ही खिशात घालायला मागत नाही. सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटा भाड्यानं आणाव्या लागतात, त्याचं भाडं आधी. मजुरांना उचल द्यावी लागते. दिवाळी झाली की आमच्या भागातली माणसं कारखान्याकडं ऊसतोडीला जातात, कोयता घेऊन बायका-पोरांसकट, ते थेट उन्हाळा लागल्यावर परत. त्या आधी उचल देऊन माणूस बांधून ठेवला नाही तर काम पाच महिने बंद. हे मालकाला दिसत नाही, त्याला दिसतो तो फक्त बंद पडलेला मिक्सर.

दुसरं, मालकाचे बदल. वीटकाम लिंटलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या पट्टीपर्यंत) आलं की गावाकडून आत्या येतात, सांगतात देवघर ईशान्येला पाहिजे. भिंत पाडा. पाडायचे पैसे कोणी देत नाही, वरून मुदत चुकली म्हणून आम्हालाच बोलणी. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये सळई आठवड्याला वाढत होती, तेव्हा ठरल्या दरात चार घरं पुरी केली. त्या वर्षी बायकोचं सोनं मोडलं. मे महिन्यात सरकारनं निर्यातशुल्क लावल्यावर भाव उतरले, पण माझे स्लॅब पडून गेले होते.

तरी मी सांगतो, कागद करा. जास्त पानांचा करा. कागद असला की आम्हीपण वाचतो. बालाघाटी भाऊ, पाच लाख मात्र जास्त आहेत. वीस लाखाच्या कामाला लाख-सव्वा लाखात सुरुवात होते. त्याच्यापुढं काम दिसेल तसे पैसे.

मांजरा_लातूर

गुनिया भाऊ, मनापासून आभार. सोनं मोडल्याचं वाचून वाईट वाटलं. सळईच्या भावाचं कसं लिहायचं म्हणता तुम्ही?

गुनिया_ओळंबा

सोपं आहे. कराराच्या दिवशीचा सळईचा आणि सिमेंटचा भाव करारात लिहायचा. पाच टक्क्यांपर्यंत वर-खाली झालं तर गुत्तेदाराचं. त्याच्या पुढं वाढलं तर फरक मालकाचा आणि उतरलं तर फायदाही मालकाचा. दुकानाचं बिल दाखवून. मी आता असंच लिहितो.

किंवा सळई आणि सिमेंट मालकानं घ्यायचं, बाकी वाळू-खडी-वीट-मजुरी आमची. काळी_माती भाऊंसारखी पळापळ होत नाही, कारण या दोनच वस्तू ठराविक वेळी लागतात. आणि भावाचं भांडणच राहत नाही.

तेरणाकाठ

हा मधला मार्ग आम्हीही केला, धाराशिवला. चांगला आहे. सिमेंट मात्र एकदम भरून ठेवू नका. पावसाळ्यात तीन महिने पडलं की गोणीत खडे होतात. गोणीवर आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते बघूनच उतरवून घ्या.

काळा_डगला

मी वकिली करतो, छत्रपती संभाजीनगरला. चार गोष्टी सांगतो.

स्वतःच्या प्लॉटवर गुत्तेदाराकडून घर बांधून घेताना रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांचा कायदा) लागू होत नाही. बरेच जण तिकडं जातो म्हणतात, त्याचा उपयोग नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट लिहिलेली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आणि तिथं तुमच्या हातात काय आहे तेच बघतात: करार, बँकेतून दिलेले पैसे, फोटो, मेसेज. रोखीनं दिलेल्या पैशाची सही नसेल तर सिद्ध करता करता दमायला होतं.

स्टॅम्पचं: १०० रुपयांच्या स्टॅम्पचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, आता किमान ५०० चा. गुत्त्याच्या करारावर रकमेनुसार मुद्रांक लागतो, तो नेमका किती हे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात विचारून भरा. कमी मुद्रांकाचा कागद कोर्टात पुराव्यात घेताना अडवला जातो, आधी दंडासह भरावा लागतो.

जीएसटी: दरात धरला आहे की वर, हे लिहा. स्वतःच्या एका स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या गुत्त्याला माफी आहे. मालासकट गुत्त्यावर नोंदणीकृत गुत्तेदार १८ टक्के लावतो. वीस लाखांवर तो ३ लाख ६० हजार होतो, शेवटी कळला तर घर विकावं वाटेल. आणि सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ झाला. कोणी जुन्या हिशोबानं दर सांगत असेल तर आठवण करून द्या.

शेवटचा मुद्दा, प्रत्येक बदल लेखी. आत्या आल्या आणि देवघर हललं, तर त्याच दिवशी मोबाइलवर मेसेज: काय बदललं, किती पैसे, किती दिवस वाढले. समोरच्यानं "ठीक" म्हणून उत्तर दिलं तरी पुरे. गुनियाभाऊंचं गाऱ्हाणंही त्यातून सुटतं.

परभणीकर

आत्या आमच्याकडंही आल्या होत्या. ईशान्येला देवघर हवं म्हणून गेल्या, नैर्ऋत्येला जिना हवा म्हणून पुन्हा आल्या. जगात जर्मनी, भारतात परभणी आणि परभणीत आमच्या आत्या! पण सांगायचं राहिलं, छज्ज्यांचा फोन केला. अर्ध्यावर तयार झाला. मांजरा दादा, तुमचे उपकार.

गोदामाय

आमच्याकडं मावशी. जिना उजवीकडून चढला पाहिजे म्हणून कॉलम उभे असताना जिना फिरवला.

फुटिंग_ते_स्लॅब

गोदामाय ताई, कॉलम उभे असताना जिना फिरवला तर आरसीसी डिझाइन पुन्हा तपासून घेतलं होतं ना? नसेल तर इंजिनिअरला दाखवा. मी काळजीनं विचारतोय.

गोदामाय

हो सर, घेतलं होतं. एक बीम वाढवला.

मांजरा_लातूर

पाण्याचं कोणी बोललं नाही. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आठवतंय ना? माझ्या मेव्हण्याचं घर त्या उन्हाळ्यात अर्ध्यावर होतं. लोक घागरीसाठी रांगेत, भिंतीला पाणी कुठून मारणार? त्यानं काम थांबवलं, पाऊस पडल्यावर पुन्हा सुरू केलं. शेजारच्यानं थांबवलं नाही. कोरड्यातच गिलावा केला, वर्षात पोपडे सुटले. करारात "क्युरिंगचं पाणी कोणाचं" (बांधकाम ओलं ठेवायचं पाणी) हे लिहायचं राहतं. टँकर मार्च-एप्रिलमध्ये पाच-सहा लागले तरी आकडा मोठा होतो. आणि बोअरचं पाणी खारट असेल तर ते काँक्रीटला वापरायच्या आधी तपासून घ्या.

फुटिंग_ते_स्लॅब

बरोबर. सध्या दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट, त्याला किमान दहा दिवस ओलावा लागतोच, आपल्या उन्हात चौदा दिवस द्या. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला पोती गुंडाळा. आणि काँक्रीट मिसळताना उलट, पाणी जपून. गोणीला साडेसत्तावीस लिटरच्या वर नको. मिस्त्री लोटायला सोपं पडावं म्हणून बादली ओततात, तिथं ताकद जाते. स्लॅबच्या दिवशी त्याच काँक्रीटचे सहा ठोकळे भरून घ्या, तीन सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी तपासायचे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून मिळतात. ठोकळे भरणार हे करारात लिहिलं की त्या दिवशी माल आपोआप नीट पडतो.

माळवद

हप्त्यांचं राहिलंय. मूळ प्रश्न तो होता.

मांजरा_लातूर

हो काका. मी दुसऱ्या वेळी, भावाच्या घराला असं केलं: सुरुवातीला पाच टक्के, जोतं पूर्ण झाल्यावर पंधरा, स्लॅब पडल्यावर पंचवीस, वीटकाम झाल्यावर पंधरा, आत-बाहेर गिलावा झाल्यावर पंधरा, फरशी-प्लंबिंग-वायरिंगनंतर पंधरा, ताबा देताना पाच. उरलेले पाच टक्के एक पावसाळा गेल्यावर. ते शेवटचे पाच टक्केच उपयोगी पडले. संडासाच्या भिंतीला ओल आली, फोन केला की तिसऱ्या दिवशी माणूस हजर. बँकेचं कर्ज असेल तर बँकेचे टप्पे आणि हे टप्पे जुळवून घ्या, नाहीतर काम झालेलं आणि पैसे बँकेत अडकलेले, अशानं गुत्तेदाराशी उगाच कटकट होते.

गुनिया_ओळंबा

टप्पे चांगले आहेत. एकच जोडा: टप्पा पूर्ण झाल्यावर सात दिवसांत पैसे. आम्हालाही शनिवारी बाजाराच्या दिवशी मजुरांना पगार वाटावा लागतो.

बालाघाटी

मंडळी, वीस दिवसांनी लिहितोय. इथलं सगळं वहीत उतरवून रविवारी गावी गेलो. गुत्तेदार, मामा, बाबा आणि मी असे ओसरीवर बसलो. मला वाटलं होतं तो चिडेल. त्यानं वही हातात घेतली, चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाला, "मालक, हे आधी दिलं असतं तर मी दर नीट काढला असता."

ठरलं ते असं. सळई-सिमेंट आमचं, बाकी त्याचं, दर १,४३० रुपये फूट. नकाशा लाल पेनानं रंगवला. पोर्च अर्धा, जिना एकदाच, छज्जे आणि पॅरापेट दरात, सेप्टिक टँक वेगळा ठोक रकमेत. सुरुवातीला एक लाख, पुढं मांजरा दादांचे टप्पे आणि गुनिया भाऊंचे सात दिवस. शेवटचे पाच टक्के पुढच्या दिवाळीला. क्युरिंगचं पाणी आमच्या बोअरचं, टँकर लागला तर निम्मा-निम्मा. रिंगांचं वाक्य मामांनी स्वतः लिहिलं. १९९३ ला ते मदतीला किल्लारीला गेले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लिहिताना त्यांचा हात थरथरत होता.

चाचणी खड्डे घेतले. ईशान्येला साडेसहा फुटांवर मुरूम लागला, नैर्ऋत्येला साडेआठ फुटांवर. फुटिंग सर, तुमचं म्हणणं तंतोतंत. पाच फुटांखालचा दर त्याच दिवशी लिहून टाकला, खड्ड्याच्या काठावर उभं राहून. बाबा स्वतः खाली उतरले होते. मुरमाचा एक खडा आणून त्यांनी देवघरात ठेवलाय.

उद्या सकाळी पीसीसी (पायाच्या तळाचं साधं काँक्रीट) आहे. मी सुट्टी टाकलीय. बाबांनी मात्र आत्ताच आईकडून ज्वारीची वाटी आणि तांब्या मागून घेतलाय. जालन्याच्या ताई, तात्यांना आमचा नमस्कार सांगा.

जालन्याची_लेक

तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतायत, पीसीसीला दाणे नाही मोजले तरी चालतील पण तळ बघा. रात्री पाऊस पडला तर खड्ड्यात चिखल बसतो, तो पूर्ण खरवडून काढायचा, मग पाणी मारून धुमस आणि मगच काँक्रीट. ताडपत्री आहे ना जवळ?

बालाघाटी

ताडपत्री आणली आहे. आत्ताच जाऊन चारही कोपऱ्यांना दगड ठेवून आलो.